नहरीची शेवटची दरज

दोन दगडांमधल्या फटीला औरंगाबादचे जुने गवंडी ‘दरज’ म्हणत. शब्द फारसी, मूळ अर्थ शिवण. कपडे शिवणारा दर्जी याच शब्दाच्या कुळातला. गवंडी मुनीब यांना ही व्युत्पत्ती ठाऊक नव्हती. तरी दरज भरताना त्यांचा हात शिवणाऱ्याचाच असे. चुना, ताग आणि बेलफळाचा गर बोटाने आत दाबायचा, मग दगडाला कान लावायचा. झिरपण्याचा आवाज थांबला, की काम पुरे.

बहात्तरच्या दुष्काळातही शहर वाढत होते. नव्या वसाहतीचे पाणी वाटेत गळू नये म्हणून जुन्या नहरीच्या, म्हणजे पाण्याच्या बंदिस्त दगडी पाटाच्या, दरजा बुजवण्याचे काम मुनीब यांना मिळाले. शेवटची दरज एका गल्लीच्या तोंडाशी होती, बोटभर रुंद. खालच्या फरशीवर हंड्यांच्या बुडांनी पाडलेले खळगे त्यांनी पाहिले. त्यांचा अर्थ मात्र मनात येऊ दिला नाही.

दुसऱ्या सकाळी ते काम पाहायला आले, तेव्हा तिथे हंडे घेतलेल्या बायकांची रांग होती.

“कोणत्या मुडद्यानं बुजवलं गं?” पारूबाई ओरडत होती. मुनीब यांच्या नखांतला चुना दिसताच तिचा आवाज उतरला. “तुमी व्हय, मुनीबभाई? लई झ्याक भरलंय. थेंब नाय.”

“गळती समजून भरली, बाई.”

“गळतीच व्हती. तिच्यावरच जगत व्हतो आमी.”

त्यानंतर त्यांना भिंतींचे भय वाटू लागले. कुठेही पाठ टेकली, तरी आत पाणी वाहत असल्याचा भास होई: घरात, मशिदीत, अगदी नव्या सिमेंटच्या इमारतीतही. पत्नी नजमा म्हणे, “भिंत कोरडी ठणठणीत आहे.” ते हात फिरवून पाहत, भिंत कोरडी असे.

भरलेल्या दरजेला हात लावायचा नाही, असे त्यांना बजावले होते. चौथ्या दिवशी ते छिन्नी घेऊन गेले. स्वतःचाच चुना फोडायला अर्धा दिवस लागला. अखेर आतून ओल्या मातीच्या वासाची गार हवा आली. पाणी आले नाही. गळती थांबताच वरच्या बाजूला ते वसाहतीच्या नळात वळवले गेले होते.

“येईल,” पारूबाई म्हणाली आणि तिने हंडा लावला. तिच्यामागे इतरांनीही लावले.

मुनीब यांनी छिन्नी खाली ठेवली. पाणी आता कधीच येणार नाही, हे त्यांनी प्रत्येकीला स्वतंत्रपणे सांगितले. कोणीही हंडा उचलला नाही.