नरसिंहाच्या कमरेचा शेला

"मुन्शी फितूर होता, म्हणून देवानं सोंगातून खरं रूप घेतलं. लाकडाची नखं लोखंडाची झाली, दोन पैलवानांनी धरलेला शेला चिंधीसारखा फाटला, आणि देवानं न्याय केला."

बेंबळीच्या अलीकडच्या आमच्या गावात त्या नृसिंहजयंतीची गोष्ट आजही अशी सांगतात. देवळाच्या कट्ट्यावर सांगतात, लग्नाच्या पंगतीत सांगतात, आणि अलीकडे ध्वनिक्षेपकावरूनही सांगतात. सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांचा तेव्हा जन्म झालेला नव्हता. मी त्या मांडवात होतो. ज्यांना ते मुन्शी म्हणतात ते माझे वडील. त्यांच्या चेहऱ्यावर हिरण्यकश्यपूचा रंग मीच चढवला होता.

फितुरीचे आधी पाहू. संस्थानी राजवटीच्या अखेरच्या वर्षी एक हत्यारबंद टोळी गावात आली. तिच्या म्होरक्याजवळ उर्दूतला हुकूम होता आणि उर्दू वाचणारा माणूस गावात एकच होता. वडिलांच्या पाठीला बंदुकीची नळी लावून तो हुकूम चावडीसमोर वाचून घेतला गेला. अमक्याने हत्यारे आणून द्यावीत, न दिल्यास घर जाळू. वडिलांचा आवाज मोठा, खणखणीत. दुपारी घरे जळाली. एका घरात एक तरणाताठा माणूस कोंडून जळाला, आणि त्याचा थोरला भाऊ आमच्या गावच्या सोंगातला नरसिंह होता.

लोकांच्या कानांत राहिला तो वडिलांचा आवाज. नळी कोणाच्या लक्षात राहिली नाही. त्यात भर अशी, की दर वर्षी त्याच आवाजात वडील हिरण्यकश्यपू होऊन गरजत आणि प्रल्हादाला जाळण्याचा हुकूम सोडत. ज्याचे सोंग चांगले वठते तो माणूसच तसा, असे मानणारे गाव आहे ते. प्रल्हादाचे काम करणारा पुढे दारूबंदीच्या गुन्ह्यात धरला गेला, तेव्हा मात्र हा नियम कोणाला आठवला नाही.

आता सोंगाची रीत सांगतो, कारण सारा वाद तिच्यावरच आहे. वैशाखातल्या चतुर्दशीला, दिवस मावळताना, देवळाच्या उंबऱ्यावर हिरण्यकश्यपू बसतो. समोर बांबूवर कागद चिकटवून केलेला खांब असतो आणि नरसिंह तो फाडून बाहेर पडतो. त्याचा मुखवटा कागदाच्या लगद्याचा, जड. आतल्या माणसाला फक्त जबड्याच्या फटीतून दिसते. हातांत लाकडी नखे, वर बेगड. सोंगात कधी खरा संचार होतो, म्हणून नरसिंहाच्या कमरेला शेल्याचा एक वेढा देतात आणि मागे दोन धरकरी उभे करतात. शेल्याची टोके ते हातात धरत नाहीत, मनगटाला गुंडाळून गाठ मारतात. हात सैल पडेल, गाठ सुटणार नाही, हा त्यातला विचार. नखे हिरण्यकश्यपूच्या पोटाला लागली की तिथे बांधलेली कुंकवाच्या पाण्याची पिशवी फुटते, धरकरी मागे ओढतात, पुजारी नारळ फोडतो आणि देव शांत होतो.

संस्थान जाऊन काही वर्षे लोटली होती. मी देवळामागे वडिलांना रंग लावत होतो. सफेदा, त्यावर काजळाच्या भुवया, गालांवर शेंदूर. नरसिंह होणारा शेजारीच बसून पायांत चाळ बांधत होता.

"मुन्शीजी, औंदा जरा हळू मरा," तो म्हणाला. "मागल्या साली लगीच मेलात. बायामाणसांना काय दिसलंच न्हाय म्हणत्यात."

"तू हळू मार, म्या हळू मरतो," वडील म्हणाले. "तुला घाई लई असती. खांबातनं निघतोस ते बैल सुटल्यावानी."

धरकऱ्यांपैकी एक हसला. दुसरा हसला नाही. मला ते तेव्हा दिसले, पण त्याचा अर्थ लागला नाही.

खांब फुटला. वडिलांनी गर्जना केली आणि नरसिंह त्यांच्या अंगावर आला. पहिला घाव बसला तेव्हा लाल पाणी उडाले आणि मांडवाने जयजयकार केला. दुसरा घाव बसला. पिशवी तर फुटून गेली होती, तरी लाल थांबेना. वडिलांनी दोन्ही हातांनी त्याचा पंजा धरला आणि मागे रेटला, तेव्हा त्यांची बोटे कापली गेली. नरसिंहाने गुडघा छातीवर रोवून हात पोटात आडवा ओढला. हाड मोडल्यासारखा आवाज आला, तो मी आजही ओळखेन. टाळ वाजतच होते. पुजाऱ्याने नारळ फोडला आणि खोबरे रक्तात पडले. बाया किंचाळू लागल्या तेव्हा टाळ थांबले.

मी उडी घालून त्याला बाजूला ढकलले. त्याच्या तळहातात विळ्याचे तुटके पाते सुतळीने बांधलेले होते. ते मी पाहिले, पंचांनी पाहिले, पोलिसांनीही पाहिले. जबाबात मात्र बाकी सर्वांनी लिहून दिले की संचार झाला, अपघात घडला. पाते लाकडाचेच होते आणि देवाच्या हातात त्याचे लोखंड झाले, असे आज मला सांगतात. सांगोत बापडे. माझ्या आईच्या अंगात येत असे. अंगात येणे मी घरात, जवळून पाहिले आहे आणि त्याला खोटे म्हणत नाही. पण ज्याच्या अंगात येते तो आदल्या दिवशी सुतळी शोधत नाही.

उंबऱ्यापाशी शेला पडला होता. मी तो उचलला, वडिलांच्या पोटाभोवती घट्ट आवळला आणि त्यांना बैलगाडीत घातले. उस्मानाबादच्या दवाखान्याचा रस्ता तेव्हा खडीचा होता. प्रत्येक खड्ड्याला शेला अधिक ओला होत होता.

"त्वांड पूस माझं," वडील म्हणाले.

"दादा, बोलू नका."

"रंग काढ आधी. असुराच्या तोंडानं न्हाय जायचं मला."

मी धोतराच्या सोग्याने पुसू लागलो. सफेदा तेलात कालवलेला होता, तो निघेना. एका गालाखाली त्यांचा खरा रंग दिसू लागला. दुसऱ्या गालाला हात घातला तेव्हा ते गेलेले होते. डॉक्टरने त्यांना अर्ध्या रंगातच पाहिले. गावानेही त्यांना तसेच पाहिले, आणि त्यानंतर कधी वेगळे पाहिले नाही.

भाऊ जळालेल्या माणसाचा राग मला कळतो. मी त्याच्याशी उभ्या जन्मात बोललो नाही, पण त्याचा राग कळतो. त्या रागाला देवाचा मुखवटा चढवणाऱ्यांना मात्र मी क्षमा करणार नाही. माणसाने मारले म्हटले तर माझे वडील खून झालेला माणूस ठरतात. देवाने मारले म्हटले की ते फितूर ठरतात. गावाने दुसरे निवडले, कारण त्यात कोणालाच तुरुंगात जावे लागत नाही.

शेला फाटल्याची गोष्ट पोलिसांच्या वेळी नव्हतीच. ती नंतर जन्मली. दोन दांडग्या माणसांनी मागे का ओढले नाही, असे लेकीसुना विचारू लागल्या तेव्हा. न हसलेला धरकरी त्याच्या म्हातारपणी मला कळंबच्या बाजारात भेटला. मी तोवर शाळामास्तर झालो होतो.

"गुरुजी, आता सोडा की ते," तो म्हणाला. "देवाच्या जोरापुढं शेला काय टिकतोय? टर्रदिशी फाटला. म्या सोता बघितलं."

"कुठं फाटला?"

"मधोमध. माझ्याकडं निम्मा, त्याच्याकडं निम्मा."

"तुमच्याकडचा निम्मा कुठं आहे?"

"त्याला लई वर्सं झाली गुरुजी," असे म्हणून तो कांद्याच्या ढिगाकडे वळला.

तो शेला माझ्या पेटीत आहे. वडिलांच्या रक्ताने तो काळा पडला आहे आणि घडीवर कडक झाला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी यावे, मी उलगडून दाखवीन. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आहे. कुठेही फाटलेला नाही.