पिशी पावतीपुस्तक देत नाही

घोळ मीच घातला. मलिना पिशीने मला एकट्याला पाठवलेला आवाजी निरोप मी पोलिसातल्या माझ्या मामाला पाठवायला गेलो, बोट घसरलं आणि तो थेट पूजा कमिटीच्या ग्रुपवर पडला. एकशे चौसष्ट माणसं. मी पुसेपर्यंत शंभरेकांनी ऐकला. उरलेल्यांना त्यांनी पदरची फोडणी देऊन ऐकवला.

निरोपात पिशी रडत होती. पोलिसाचा गणवेश घातलेल्या एकाने तिला पाच तास व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं होतं. "तुमच्या नावाच्या पार्सलात गांजा सापडलाय, कुणाजवळ बोललात तर अटक." ब्लाउज शिवून साठवलेले सत्तेचाळीस हजार तिने त्याला पाठवून दिले.

पिशी म्हणजे चंदननगरातल्या आमच्या अख्ख्या आळीची आत्या. घरात नवरा नाही, मूल नाही. शिवणयंत्र आणि एक मांजर. जगद्धात्री पूजेची वर्गणी बावीस वर्षं तीच गोळा करते. तिची चप्पल वाजली की लोक आधी कडी घालतात आणि मग निमूट काढतात.

रविवारी सकाळी क्लबमध्ये बैठक बसली. सेक्रेटरी शशांकबाबूंनी घसा साफ केला. "पिशी, मनाला लावून घेऊ नका. पण यंदा पावतीपुस्तक आमच्याकडे द्या. एका फोनला भुलणाऱ्या माणसाच्या हाती देवीचा पैसा... लोक काय म्हणतील?"

मी कॅरमबोर्डामागे शक्य तितका बारीक झालो.

पिशीने पुस्तक छातीशी धरलं. "भुलले. मोठ्याने सांगते, भुलले. बुबाईने आधीच दवंडी पिटलीय, माझा घसा वाचला."

बुबाई म्हणजे मी. सगळ्या माना कॅरमबोर्डाकडे वळल्या.

"आता तुम्ही कसे भुलता ते ऐका. मी वर्गणीला भरदुपारी येते, पानं वाढलेली असताना. भात निवत असला की माणूस वाद घालत नाही. शशांक, गेल्या साली तू दोनशे काढले होतेस. मी तुझ्या बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, दासबाबूंनी हजार दिले. तू मुकाट हजार दिलेस. दासबाबूंनी तोवर छदाम दिला नव्हता."

"आणि मी?" दासबाबू दचकले.

"तुम्हाला शशांकची पावती दाखवली."

क्लब फुटला हसून. पिशी हसली नाही.

"घाई, भीड, भीती. सगळ्या किल्ल्या माझ्या कमरेला, तरी माझंच कुलूप उघडलं. का? मला गुडघा चोळताना बघून तो चोर म्हणाला, 'मावशी, पाय लांब करून बसा, मग बोलू.' ह्या आळीत माझ्या गुडघ्याची चौकशी कुणी केलीय कधी? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"मला मूर्ख ठरवून घरी बसवलंत, तर उद्या ज्याला फोन येईल तो तोंड शिवून बसेल. चोराला तेच हवंय. पुस्तक देत नाही. काढून घ्यायचं तर या पुढे."

"पिशी, भावनेच्या भरात—"

"भावनेचं राहू दे," मागून आवाज आला. शशांकबाबूंच्या पत्नी, आम्हा पोरांची वहिनी, शेफाली बौदी. "बक्षीस लागलेल्या फ्रीजचं सांगा. पोचवायचे म्हणून साडेतीन हजार कुणी भरले होते?"

"शेफाली!"

"फ्रीजची जागा करून ठेवलीय, पिशी. तिथे यांच्या चपला असतात."

मग दासबाबूंना जावयाच्या नोकरीपायी फोनवरच्या एकाला दिलेले पैसे आठवले. आणखी एकाला विजेच्या बिलाचा खोटा फोन. पुस्तकाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

सोमवारी आम्ही पाच जण पोलीस ठाण्यात गेलो. टेबलामागचा माणूस म्हणाला, "मावशी, एवढं वय झालं, कळत नाही?"

"कळतं," पिशी म्हणाली. "लिहा."

पैसे अजून आलेले नाहीत. दर सोमवारी ती जाऊन विचारते. त्या दिवशी बाहेर आल्यावर ती सगळ्यांना कोचुरी आणि आलूदम खायला घेऊन गेली. ज्याचे त्याने दिले; माझ्याकडे सुटे नव्हते, म्हणून माझे तिनेच दिले. ते वीस रुपये द्यायचे राहिलेत.