मामांचं ‘ॲडजस्ट’शी वैर

इंग्रजीतल्या एका शब्दाशी जन्माचं वैर मांडलेला माणूस बीदरकडच्या अख्ख्या औराद तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झाले, पण राग काही रिटायर झाला नाही. एरवी माणूस इतका मवाळ, की मांजर ताटाजवळ आलं तरी त्याला ‘अहो, थांबा’ म्हणतील. पण कुणी ‘ॲडजस्ट’ म्हटलं की कपाळावरची शीर ताठ होते, चष्मा वर जातो, आणि समोरच्याला पुढची पंधरा मिनिटं सुटका नसते. लग्नाआधी मला कुणी हे सांगितलं असतं तर मी हसले असते. आता हसत नाही. आता माझीही शीर ताठ होते.

माझी आणि त्यांची पहिली भेटच या शब्दानं झाली. मी उदगीरची. बघण्याचा कार्यक्रम होता आणि मी आधीच वैतागलेली होते, कारण त्याआधी आलेल्या प्रत्येक स्थळानं मला तोच प्रश्न विचारला होता. शिक्षण काय, पगार काय, स्वयंपाक येतो का, आणि शेवटी मान तिरपी करून, गोड आवाजात, ‘ॲडजस्ट करशील ना?’ मुलाला मात्र कुणी विचारत नाही. तो काय भिंतीत चिणलेला असतो की काय, कुणास ठाऊक! या वेळी तो प्रश्न मामांच्या बहिणीनं विचारला. ‘‘आमच्याकडं माणसं जास्ती हायत बाई, ॲडजस्ट करशील ना?’’ मी तोंड उघडायच्या आत मुलाचा बाप, म्हणजे मामा, पोह्यांची बशी खाली ठेवून उभे राहिले आणि स्वतःच्याच बहिणीवर कडाडले, ‘‘ती काय घड्याळ हाय व्हय ॲडजस्ट करायला? का तराजू हाय?’’ मग माझ्याकडं वळून एकदम मऊ आवाजात म्हणाले, ‘‘बाळ, तू आलीस तर आमालाबी जरा सरकावं लागंल. तेवढं आमी सरकू.’’ ते गेल्यावर माझे वडील म्हणाले, माणूस जरा तिरसट वाटतो, नको हे स्थळ. मी म्हटलं, याच घरात जाईन, नाहीतर कुठंच नाही.

तिरसटपणा किती खोल आहे हे घरात आल्यावर कळलं. मामांच्या खोलीत, खाटेच्या उशाशी, हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेली एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी लाल फडक्यात बांधून ठेवलेली असते. सासूबाई तिला ‘सवत’ म्हणतात. नव्या सुनेला इतर घरांत दागिने दाखवतात. मला मामांनी ‘ॲडजस्ट’चं खानदान दाखवलं. मूळ लॅटिन, म्हणाले. ‘जक्स्टा’ म्हणजे जवळ. जवळ आणणं, एवढाच अर्थ. तिथून शब्द फ्रेंचांकडं गेला. तिथं लोकांना वाटलं, हा ‘जस्ट’चा, म्हणजे न्यायाचा भाऊबंद दिसतो, नातं खोटं होतं, पण त्यानं शब्दाची अब्रू वाढली. इंग्रजीत आल्यावर त्यानं भांडणं मिटवली, हिशेब जुळवले, तराजूची पारडी सारखी केली, यंत्रांचे स्क्रू पिळले. माणसाला पिळायला तो फार उशिरा लागला. ‘‘आन् मग आला आपल्याकडं,’’ मामा असं म्हणाले जणू घरात चोर शिरला. ‘‘इथं आल्यावर त्याचं काय झालं बघ. बसमधी अर्ध्या ढुंगणावर बसणं म्हणजे ॲडजस्ट. लाच म्हणजे ॲडजस्ट. खराब काम म्हणजे ॲडजस्ट. जवळ आणायचा शब्द, आन् कुणाला तरी कोपऱ्यात दाबायला वापरायलेत!’’

औराद-बीदर बसमधल्या कंडक्टरांना मामा पक्के माहीत आहेत. तिघांच्या सीटवर चौथा बसवायचा झाला की कर्नाटकातला कंडक्टर काय म्हणतो हे सगळ्या जगाला ठाऊक आहे: ‘‘स्वल्प ॲडजस्ट माडरी,’’ म्हणजे थोडं ॲडजस्ट करा. मामा जागचे हलत नाहीत. कंडक्टरला कन्नडमध्ये, शेजाऱ्याला मराठीत आणि मागच्या म्हाताऱ्या चाचांना दखनी उर्दूत त्या शब्दाची जन्मकथा सांगतात. चाचा ‘‘हौ मास्टरसाब, हौ’’ म्हणत पेंगतात. बस वाटेतल्या संतपूरपर्यंत जाते तरी चौथा बिचारा उभाच. पण तोच माणूस साध्या भाषेत म्हणू दे, ‘‘सर, जरा सरकता का, पाय दुखायलेत,’’ की मामा नुसते सरकत नाहीत, उठून पूर्ण जागाच देतात आणि बीदरपर्यंत दांडीला लोंबकळत जातात. मला हा हिशेब कधी कळला नाही. मी एकदा म्हटलं, मामा, शेवटी उभे तर तुम्हीच राहिलात. म्हणाले, ‘‘व्हय. पर त्यानं मागितलं, आन् मी दिलं. हे न्यारं असतंय.’’

एका शिंप्यानं त्यांच्या शर्टाची डावी बाही उजवीपेक्षा चांगली बोटभर आखूड शिवली आणि ‘‘सर, तेवढं ॲडजस्ट करून घ्या’’ म्हणाला. दुसरा कुणी भांडला असता. मामांनी तो शर्ट मुकाट्यानं घेतला, आणि वर्षभर दर बाजारच्या दिवशी तोच घालून, दोन्ही हात पुढं धरून, त्या दुकानासमोर उभे राहिले. गिऱ्हाईक आलं की विचारायचे, ‘‘काय शिवायचं हाय?’’ शेवटी शिंपीच रडकुंडीला आला आणि नवीन शर्ट घेऊन घरी आला. आणि त्या कचेरीचं तर काय सांगू! कुठल्याशा दाखल्यासाठी गेले, तर तिथला बाबू हळूच म्हणाला, ‘‘सर, कुछ ॲडजस्ट करो ना.’’ मामा ‘‘जरूर’’ म्हणाले आणि आपली खुर्ची उचलून बाबूच्या खुर्चीला चिकटवून बसले. बाबू सरकला की हेही सरकायचे. बाबूला काही उमजेना. लोक बघायला लागले. मामा शांतपणे सांगत होते, ‘‘जवळ आनायचं म्हणालाव न्हवं? आलो की.’’ दुपार व्हायच्या आत दाखला हातात पडला. या गोष्टी घरात इतक्या वेळा सांगून झाल्या आहेत, की माझा मुलगा त्या हावभावांसकट करून दाखवतो आणि आम्ही सगळे पोट धरून हसतो.

नंतर एक दिवस असा आला, की त्या शब्दावर हसणं जमेना.

माझी नणंद, घरात तिला सगळे अक्का म्हणतात, गुलबर्ग्याला दिलेली होती. कागदावर आता कलबुर्गी असलं तरी आमच्याकडच्यांच्या तोंडात अजून गुलबर्गाच येतं. अक्का तिथं एका शाळेत शिकवायची. आधी सासरच्यांनी नोकरी सोडायला लावली. नातेवाईक म्हणाले, घर मोठं आहे, ॲडजस्ट करावं लागतं. मग तिचा फोन काढून घेतला. नातेवाईक म्हणाले, चार दिवसांत निवळेल, ॲडजस्ट कर. मग नवऱ्यानं हात उचलला. आणि विश्वास ठेवा अगर नका ठेवू, तेव्हाही तोच शब्द, त्याच गोड आवाजात, त्याच तिरप्या मानेनं! एके सकाळी अक्का दोन पिशव्या घेऊन आमच्या दारात उभी राहिली आणि ‘‘मी ऱ्हाऊ का?’’ एवढंच बोलली. स्वतःच्या बापाच्या घरात!

बैठक ठरली. आमच्या भावकीत नवराबायकोचं भांडण मिटवायचं तर दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसतात, बोलणं होतं, आणि मग मध्ये पानाचं ताट येतं. पोरीच्या बापानं ताटातला पहिला विडा उचलला की झालं, मिटलं, पोरगी निघाली. बोललेलं कुणी पुढंमागं फिरवतं, पण विडा उचलल्यावर आजवर कुणी फिरलेलं नाही. आणि बैठकीत बायका नसतात. ज्या बाईबद्दल सगळं चाललेलं असतं ती दाराआडून ऐकते. हीही एक रीतच, म्हणे.

आदल्या दिवशी मामा दुपारभर अंगणात येरझाऱ्या घालत होते. उद्या एकेकाला कसं सुनावणार याची तालीम चालली होती. लॅटिन झालं, फ्रेंच झालं, पारडी झाली, स्क्रू झाले. सासूबाई सुपात तूर पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

‘‘त्या शब्दाला कामून शिव्या द्यायलाव जी?’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला कुणी इंग्रजीत सांगितलं न्हवतं. मी सगळं मराठीतच केलं.’’

मामा जिथं होते तिथं थांबले. सासूबाईंनी पुन्हा सूप उचललं आणि पाखडायला लागल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळंच ते ऐकवत नव्हतं. मामा खोलीत गेले. डिक्शनरीचं फडकं त्या दिवशी काही सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. मामांचे थोरले चुलतभाऊ, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात आणि ज्यांनी आजवर भावकीतल्या निम्म्या पोरी परत पाठवल्या आहेत, ते मधोमध बसले होते. अक्काचा नवरा मान खाली घालून होता, त्याचे काका बोलत होते. पोराचा स्वभाव जरा तापट आहे, मनानं वाईट नाही वगैरे. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि खाकरून म्हणाले, ‘‘चुकतंय दोघांचंबी. पर बाईच्या जातीनं थोडं ॲडजस्ट केलं की संसार हुतोय.’’ दाराआड मी डोळे मिटून घेतले. आता स्फोट होणार. खरं सांगते, मला तो हवा होता. मला मामांचं सगळं लॅटिन त्या माणसाच्या टकलावर आपटलेलं ऐकायचं होतं. माझा मुलगासुद्धा कान टवकारून बसला होता.

मामांची शीर ताठली नाही, चष्मा वर गेला नाही. पानाचं ताट त्यांच्यासमोर आलं. सगळ्यांचे डोळे त्यांच्या हाताकडं. त्यांनी ताटच उचललं आणि दाराकडं बघून हाक मारली, ‘‘अक्का, भाईर ये.’’

अक्का बाहेर आली. मामांनी आपल्या बाजूची सतरंजीवरची जागा हातानं झटकली, तिला बसवलं, आणि ताट तिच्यापुढं ठेवलं.

‘‘हे काय करायलास?’’ अण्णा म्हणाले. ‘‘बापानं उचलायचं असतंय.’’

‘‘जायचं तिला हाय, अण्णा. तिलाच उचलू द्या की.’’

अक्का ताटाकडं बघत राहिली. तिनं हात मांडीखाली धरले होते, लहान मुलं धरतात तसे. कुणी खोकलं, कुणी छताकडं बघितलं. तिच्या नवऱ्यानं एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. चुना वाळायला लागला. ती उचलत नव्हती आणि उचलणार नाही असंही तिला म्हणता येत नव्हतं. तेवढ्यात माझ्या शेजारून सासूबाई उठल्या. जन्मात कधी बैठकीत पाय न ठेवलेली ती बाई पदर खोचून सरळ बाहेर गेली, लेकीसमोरचं ताट तिनं उचललं आणि पाहुण्यांना म्हणाली, ‘‘च्या ठेवायली मी. घेऊन जावा.’’ आमच्याकडं पाहुण्याला याहून स्वच्छ शब्दांत निरोप देता येत नाही.

अण्णा अजून आमच्याकडं जेवत नाहीत. भावकी अजून कुजबुजते. मला भेटल्यावर बायका मान तिरपी करून विचारतात, ‘‘नणंद घरीच का? तुमचं कसं ॲडजस्ट हुतंय?’’ मी आता त्यांना उभ्या उभ्या जक्स्टापासून सुरुवात करून सगळं ऐकवते. पुन्हा विचारत नाहीत.

अक्काला बीदरला एका शाळेत नोकरी लागली. सकाळच्या बसनं जाते, संध्याकाळी येते. घर आमचं तसं लहान. बैठक झाली त्याच रात्री मामांनी कुणाला न विचारता आपली खाट ओसरीवर काढली आणि खोली तिला दिली. डिक्शनरीसुद्धा आत राहिली, फडक्यासकट. विचारलं तर म्हणाले, ‘‘आत उकडायलंय.’’ उन्हाळा होता, खरं वाटलं. पावसाळ्यात ओसरीवर झड यायला लागली तेव्हाही उकडत होतं. कुणी त्यांना आत चला म्हटलं की म्हणतात, हवा कशी मोकळी आहे.

आता थंडी पडली आहे. बीदरची थंडी ज्यांनी भोगली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही. मामांना आता पहिल्यासारखं सोसत नाही, खोकल्याची उबळ येते. आज सकाळी मी चहा घेऊन ओसरीवर गेले, तर माकडटोपी, मफलर, अंगात स्वेटर, वरून घोंगडी, आणि त्या सगळ्यातून फक्त चष्मा बाहेर. अक्का बससाठी निघाली होती. फाटकापाशी थांबून तिनं मागं वळून विचारलं, ‘‘मामा, थंडी न्हाई न्हवं?’’ लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना मामा म्हणते, ते ऐकून ऐकून आता तीही म्हणायला लागली आहे.

‘‘थंडी कुठं? उकडायलंय गं,’’ मामा म्हणाले. कप बशीवर वाजत होता.

ती दिसेनाशी होईपर्यंत मी थांबले. मग आतून माझी रजई आणली आणि त्यांच्या पायांवर टाकली.

‘‘एवढ्या उकाड्यात कामून गं?’’ असं म्हणून त्यांनी ती हनुवटीपर्यंत ओढून घेतली.