बहारीनला ऐकलेला नरक

मला बहारीनला निघायचं म्हणून गाडी अंगणात उभी, सामान चढलेलं, आणि माझी भावजय शालन पायरीवरून हलेना. शेवटी म्हणाली, "दादानू, थंय त्यांची जागा असतली, ती बघून येवा. आणि ह्या वर्सा तरी म्हाळाक त्यांचा नाव घेवा."

म्हाळ म्हणजे आमच्याकडचं भाद्रपदातलं पितरांचं श्राद्ध. भटजी घराण्यातल्या गेलेल्यांची नावं विचारतात आणि त्या त्या नावाने पिंड ठेवतात. माझा धाकटा भाऊ दत्ताराम बहारीनलाच वारला, पण त्याचं नाव मी कधी घेऊ दिलं नाही. कारण गावाला ठाऊक आहे, बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. लग्नाला वर्ष झालं नसताना तो गवंडीकामाला तिकडे गेला. सुरुवातीला पत्रं आली, मग बंद झाली. तिकडे दुसरं बिऱ्हाड केलं असं येणारे-जाणारे सांगत. आई खाटेला खिळली तेव्हा मिळेल त्या माणसाबरोबर निरोप धाडले. आला नाही. आई दाराकडे तोंड करून गेली. शालन आमच्याच घरात नावाची सवाष्ण म्हणून राहिली, आणि एक दिवस फोन आला की दत्ताराम गेला, अग्नी पण देऊन झाला.

मी शालनला म्हटलं, "जागा बघतो. नाव घेणार नाही." आणि गाडीत बसलो.

आपल्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी हे लिहितो आहे. मी चौथीपर्यंत शिकलो आणि जन्मभर खाणीत चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) काढले. तेव्हा लिहिण्यात चूक असेल ती असेल, बघण्यात नाही.

विमानातून बहारीन दिसलं ते पोळपाटावर सांडलेल्या पिठासारखं. डोंगर नाही, नदी नाही. कडेने हिरवट पाणी, इतकं उथळ की तळाची वाळू वरून दिसते. विमानतळावरच्या साहेबाने हिंदीत विचारलं, "किधर जाना?" मी म्हटलं, "बेटे के पास." त्याने माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि शिक्का मारला. मुलाकडे जाणाऱ्या म्हाताऱ्याला कुठलंही सरकार फार विचारत नाही.

मुलगा प्रकाश एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहे, सून सायली एका ऑफिसात हिशेब बघते. सनाबिसला चौथ्या मजल्यावर त्यांचं घर. दोघं सकाळी गेली की मी आणि खिडकी. थंडी सरत आलेली, ऊन अजून सोसवेल असं होतं. खाली एका बलुची माणसाची भट्टी होती. तो खुब्ज (मोठी पातळ रोटी) भट्टीच्या भिंतीला थापायचा आणि आकड्याने ओढून काढायचा. गरम रोटी कागदात गुंडाळून हातात. हामूर म्हणून मासा मिळतो, तो आपला हेकरू. सायलीने तिरफळं घालून केला. मासा चांगला, पण त्याला आपल्या पाण्याची चव नाही हे मी तिच्या तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "आबा, मग घेऊ का वाटी परत?" मी वाटी दिली नाही.

एकदा एकटाच मोठा मॉल बघायला निघालो. खिडकीतून हाताच्या अंतरावर दिसतो, पण मध्ये असा रस्ता की ओलांडायला वावच नाही. कडेने चालत राहिलो. पांढरा झगा घातलेल्या एका बहारीनीने गाडी थांबवली. "हाजी, यल्ला, अंदर बैठो. रास्ता भूल गया?" म्हाताऱ्या माणसाला ते मानाने हाजी म्हणतात. मी सांगितलं, "मैं नहीं भूला. रास्ता ही गलत है." तो इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. मग घरापर्यंत सोडलं, खजूर दिले.

एक गोष्ट मी घरात बोललो नाही. मनामाच्या बाजारात कुठे बांधकाम दिसलं की माझे पाय थांबायचे. दत्तू उजवा खांदा जरा पाडून चालायचा. लहानपणी आम्ही दोघं मिळून पाण्याच्या घागरी काठीला लावून आणायचो, तो बुटका म्हणून भार त्याच्याकडे सरकायचा, तेव्हापासूनची ती चाल. तो मेला आहे हे मला माहीत होतं. तरी परातीतून सिमेंट नेणारा कोणी वयस्कर माणूस दिसला की मी आधी खांदा बघायचो.

प्रकाशला म्हटलं, काकाला जिथे जाळला ती जागा दाखव. तो म्हणाला, "शुक्रवारी जाऊ, आबा. सुट्टी शुक्रवारचीच." पहिल्या शुक्रवारी त्याला ड्युटी लागली.

त्या शुक्रवारी मी फ्रान्सिसबरोबर गेलो. फ्रान्सिस वसईचा ख्रिस्ती, आमच्याच इमारतीत राहतो, अदलियाला त्याचं शिंप्याचं दुकान. माझ्या पायजम्याची नाडी बदलायला गेलो आणि रोज जाऊन बसू लागलो, कारण त्याचं मराठी तोंडभर. त्याचे मामा फादर होते, त्यांच्यामुळे त्याला एक नाद लागलेला. सातआठशे वर्षांपूर्वी युरोपातल्या ख्रिस्ती कवींनी नरकावर लांब लांब कविता रचल्या आहेत. फ्रान्सिस त्या इंग्रजीतून वाचतो, आणि काजं करता करता त्यातल्या गोष्टी मराठी ओव्यांत बसवतो. त्यांच्या उपवासकाळात दर शुक्रवारी चर्चच्या मागच्या खोलीत वाचून दाखवतो.

"तुमचा वार रविवार ना?" मी विचारलं.

"देवाचा रविवार. बहारीनमध्ये तो शुक्रवारीच येतो. देवालासुद्धा इथली सुट्टी बघून यावं लागतं, आबा."

खोलीत वीसेक माणसं होती. बहुतेक वसईची, पण दोघे-तिघे रत्नागिरीचे ड्रायव्हर आपले हिंदूच होते, मराठी ऐकायला आलेले. फ्रान्सिसने चष्मा लावला आणि सुरू केलं. एक संत जिवंतपणी नरक बघायला जातो, देवदूत वाट दाखवतो. खोटी साक्ष देणारे आपलीच जीभ चावत बसलेले. गरिबाचं खाल्लेल्यांच्या पुढ्यात ताट, पण घास तोंडात गेला की त्याचा निखारा. मला पटत गेलं. न्याय असावा तर असा, जसं पाप तसा मार, वशिला नाही. आपल्या पुराणातही कढया आहेत, तेल आहे, पण या लोकांनी प्रत्येकाचं माप घेऊन शिक्षा शिवली आहे. शिंप्याच्या तोंडी ते शोभलं.

मी मध्येच विचारलं, "बायको आणि आई टाकून गेलेला कुठे?"

फ्रान्सिसने मान वर केली. माझ्या भावाचं त्याला काही ठाऊक नव्हतं. "तो सगळ्यात खाली. तिथे आग नाही, गारठा. गळ्यापर्यंत बर्फ."

बर्फ म्हटलं की मला बंदरावरची पेटी आठवते. मासळी त्यात घालतात, डोळे उघडे राहतात. मी म्हटलं, "बरोबर आहे." पण त्यानंतरच्या दोन-चार ओव्या माझ्या कानात शिरल्या नाहीत. दत्तूला थंडी सोसत नसे. थंडीच्या दिवसांत आमच्या दोघांत एक घोंगडी, आणि तो सगळी ओढून घ्यायचा.

पुढे गोष्ट अशी की त्या संताला बघवेना. तो तिथेच गुडघे टेकून रडला, म्हणाला, देवा, यांना थोडा विसावा दे. देव म्हणाला, यांनी केलेलं तुला माहीत आहे ना? संत म्हणाला, माहीत आहे. तरी मागतो. मग देवाने दिलं. दर शनिवारी सूर्य मावळल्यापासून सोमवार उजाडेपर्यंत नरकातली शिक्षा बंद. फ्रान्सिसने ओवी म्हटली:

चाबूक भिंतीस टेकले । विस्तव राखेत झाकले ।
कण्हणारे उगे राहिले । एक दिवस ॥

मागून एक ड्रायव्हर बोलला, "च्यायला, तिथे पण वीकली ऑफ!"

"ओव्हरटाइम नाय लावत ना?" दुसरा.

"लावला तरी आपल्या कंपनीपेक्षा बरा."

सगळे हसले. त्या खोलीतल्या प्रत्येकाला एक दिवस म्हणजे काय ते माहीत होतं. कपडे धुणं, घरी फोन, आणि संध्याकाळ झाली की उद्याचं ओझं.

मी मात्र उभा राहिलो. "हे मला मान्य नाही, फ्रान्सिस. शिक्षा म्हणजे शिक्षा. सुट्टी कसली? उद्या म्हणाल पापच नव्हतं."

"बसा ना, आबा."

"बसणार नाही. आधी सांग."

फ्रान्सिस रागावला नाही. "पाप आहे तिथेच आहे. सोमवारी बर्फ परत गळ्याशी. देवाने हिशेब खोडला नाही."

"मग त्या मेलेल्यांनीच का नाही मागितलं? ओरडत होते ना इतके?"

"त्यांचं चालत नाही. मेलेल्याच्या मागण्याला तिथे किंमत नाही. जिवंत माणसाने जाऊन मागावं लागतं. संत जिवंत होता म्हणून झालं."

मी खाली बसलो. वाचन संपल्यावर चहा आला, मी घेतला नाही. बाहेर येताना तो ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, तुम्ही भांडलात ते बरं केलंत. आमची हिंमत नाही होत देवाशी." मी त्याला सांगितलं, मी देवाशी नाही, शिंप्याशी भांडलो.

पुढच्या शुक्रवारी प्रकाशने गाडी काढली. हिंदूंचं स्मशान शहराबाहेर आहे. भिंत, फाटक, आत सिमेंटचे ओटे आणि नळ. राखणदार उत्तरेकडचा, आपुलकीने बोलला. मी त्याला विचारलं, बऱ्याच वर्षांमागे गेलेल्या दत्ताराम नावाच्या माणसाची जागा कुठली?

"बाबूजी, यहाँ किसी की जगह नहीं रहती. राख समुंदर में."

"कौन से समुंदर में?"

"चारों तरफ वही है," तो म्हणाला. पण मग त्याने थोडा विचार केला आणि सांगितलं की जुने लोक तेव्हा सनाबिसच्या बाजूला जायचे, होडी घेऊन.

म्हणजे आमच्याच घराशी. आम्ही उलटे फिरलो. प्रकाशने मॉलच्या मागे गाडी लावली, पण उतरला नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"आबा, हे सगळं भर टाकलेलं आहे. आधी इथे पाणी होतं. समुद्र आता तिकडे, लांब."

मी उतरलो. समोर काचेच्या इमारती, खाली गाड्यांसाठी पट्टे मारलेली जमीन. ज्या पाण्यात दत्तूची राख गेली त्या पाण्यावर कदाचित ट्रॉल्या फिरत होत्या. आम्ही आताच्या किनाऱ्यापर्यंत चालत गेलो. ओहोटी होती. पाणी दूर सरकलेलं, लाट नाही, आवाज नाही. आपला समुद्र निदान बोलतो. शालनला काय सांगू? दगड नाही, झाड नाही, पाणीसुद्धा जागेवर नाही. जो माणूस जन्मभर आला नाही, त्याच्याकडे मी आलो तर तो तिथेही नव्हता.

मी मोठ्याने म्हटलं, "दत्तू, आई दाराकडे बघत गेली रे."

प्रकाश जरा मागे होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला नाही. उजेड असेपर्यंत आम्ही तिथेच होतो. शेवटी तो म्हणाला, "चला आबा, उद्या ड्युटी आहे."

परत आलो तेव्हा घरी आंबे लागलेले होते. शालनला खरं तेच सांगितलं: जागा नाही. ती म्हणाली, "बरा," आणि चुलीकडे गेली. नावाचं तिने पुन्हा काढलं नाही. तिने काढलं असतं तर मी कदाचित नाहीच म्हटलं असतं, माझा स्वभाव मला माहीत आहे.

भाद्रपदात भटजी आले. नावं घेत गेले. वडील, आई, थोरले काका. मग दरवर्षीसारखे थांबले आणि माझ्याकडे न बघताच पुढे सरकणार, तोच मी म्हटलं, "दत्ताराम."

भटजींनी हातातले दर्भ खाली ठेवले. "क्षमा केलीत म्हणायची?"

"नाही. केलंय ते केलंय. आजच्या दिवसापुरतं मागतो आहे."

"कोणाकडे?"

"ज्याच्याकडे मागायचं त्याच्याकडे. तुम्ही पिंड ठेवा."

शालन दारातून ऐकत होती. ती आत गेली. मग जास्तीचं पान घेऊन आली, वाढलेलं. त्यावर कुळथाचं पिठलं होतं. पितरांच्या जेवणात आमच्याकडे ते कधी होत नाही. दत्तूला आवडायचं. म्हणजे तिने ते सकाळीच शिजवून ठेवलं होतं, मी हो म्हणेन की नाही हे ठाऊक नसताना. इतक्या वर्षांत दर म्हाळाला तिने ते असंच शिजवून ठेवलं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

संध्याकाळी तिने विचारलं, "दादानू, फुडच्या वर्सा?"

फ्रान्सिसच्या गोष्टीत त्या संताने एकदाच मागितलं आणि कायमचं मिळालं. मी संत नाही. मला वाटतं मला दरवर्षी मागावं लागेल, आणि आमच्याकडे तर आठवड्याचा नव्हे, वर्षाचा एकच दिवस. त्या दिवशी तो बर्फाबाहेर येऊन हात चोळत बसत असेल, एवढं मी धरून चालतो. मी आता फार वर्षं मागू शकणार नाही. प्रकाश हा अंक तिकडे मागवतो, म्हणून हे त्याच्यासाठी छापून ठेवतो: माझ्यामागे म्हाळाला बसशील तेव्हा काकाचं नाव आधी घे, माझं नंतर.