मामाच्या गाडीची चकरी

तात्यासाहेब घरी आले का, हे कळायला आमच्या एन-नऊ वसाहतीच्या गल्लीत कुणाला खिडकीशी जावं लागत नसे. कोपऱ्यावर त्यांची गाडी वळली की टायर असा काही गळा काढायचे, की शेजारच्या लीलाबाईंची मांजर थेट पाण्याच्या टाकीवर. मी चहाचं आधण ठेवायला सांगायचो. कारण गाडी लावून झाली की तात्यासाहेब आधी माझ्या ओट्यावर टेकणार आणि मग स्वतःच्या घरी जाणार, हे ठरलेलं.

माणूस सोन्यासारखा, पण एका गोष्टीचं वेड. जमीन मोजणीच्या खात्यात जन्म गेला. मूळ गंगापूर तालुक्यातले. त्या भागात भावाभावांच्या वाटण्या निघाल्या की अजूनही यांना बोलावणं येतं. बांधावर टेप धरून उभे राहतात आणि म्हणतात, "सगळ्यांना सारखं. कुणाला चिमूटभर कमी नाय, कुणाला जास्त नाय." शेतापुरतं हे ठीक आहे हो. पण सत्यनारायणाचा शिरा वाटायला बसले तरी द्रोणाद्रोणात डोकावून बघतात. आशावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला खाजगीत सांगितलंय की आंबा कापताना कोय कुणाला द्यायची यावरून यांनी घरात एकदा चिठ्ठ्या टाकल्या होत्या. कुणाला सांगू नका म्हणाल्या. मी गल्लीबाहेर कुणाला सांगितलं नाही.

आता गाडीचं. ती मुळात तात्यासाहेबांची नव्हेच. मुलगा सत्यम पुण्यात होता, तिथं त्यानं गाड्या पळवायचा नाद असलेल्या एका इसमाकडून ती जुनी घेतली. निळी, बुटकी, जपानी. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते, हे तिचं कौतुक. पुढं सत्यम नोकरीसाठी परदेशी गेला आणि गाडी वडिलांच्या दारात आली. तिच्या हँडब्रेकशेजारी अंगठ्यानं फिरवायची एक छोटी चकरी आहे. एका टोकाला फिरवली की सैल, दुसऱ्या टोकाला फिरवली की घट्ट. शिवाय एक बटण आहे, ते दाबलं की गाडी आपलं आपण ठरवते.

"बाबा, बटण दाबून ठेवा आणि विसरून जा," सत्यमनं जाताना बजावलं होतं.

"आपलं डोकं शाबूत असताना गाडीच्या डोक्यानं कशाला चालायचं? ती चकरी काय करते ते सांग."

"पुढच्या चाकांची जोडी आणि मागच्या चाकांची जोडी यांच्यामधे एक डिफरन्शियल आहे. दोघींना आपापल्या वेगानं फिरायची मोकळीक ते देतं. किती मोकळीक द्यायची, ते चकरी ठरवते. पार घट्ट केली की मोकळीक संपली, पुढच्यांना नि मागच्यांना सारखंच फिरावं लागतं. पण ते फक्त..."

फक्त काय, हे तात्यासाहेबांनी ऐकलंच नाही. पुढच्यांना नि मागच्यांना सारखं, एवढ्यावर माणूस खूश. त्या दिवशी त्यांनी चकरी पार टोकाला नेली आणि तिथंच ठेवली. तेव्हापासून लीलाबाईंच्या मांजरीचा मुक्काम टाकीवर.

सरळ रस्त्यावर गाडी छान चालायची. वळण आलं, त्यातही अरुंद आणि हळू वळण आलं, की ती अडायची, उड्या मारायची, स्टिअरिंग जड व्हायचं. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं. मी एकदा बसलो आणि उतरल्यावर कंबरेला शेक दिला. तात्यासाहेबांना विचारलं तर म्हणाले, "अण्णा, जास्त ताकदीची गाडी आहे. असा आवाज करतीच."

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण मोनिकाचं लग्न ठरलं.

मोनिका म्हणजे तात्यासाहेबांची एकुलती एक भाची, धाकट्या बहिणीची, मुक्ताबाईंची मुलगी. मुलगा सोयगावचा, नाव शिवराज. लग्न फर्दापूरच्या एका लॉनवर. दोन्हीकडच्यांना सोयीचं. नवरी इथं शहरात सजणार आणि इथून सिल्लोडमार्गे, अजिंठ्याचा घाट उतरून मांडवात जाणार. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. पोरगी जन्मली तेव्हापासून तात्यासाहेब सांगत होते, "हिला मी नेणार, माझ्या गाडीतून." तेव्हा त्यांच्याकडे साधी सायकल होती, पण बोलायला काय जातं.

मुक्ताबाई पत्रिका द्यायला आल्या, तेव्हा तात्यासाहेबांनी हौसेनं त्यांना निळ्या गाडीतून परत सोडायला काढलं. कोपऱ्यावर गाडी वळली, रडली, दोन उड्या मारल्या. मुक्ताबाई तिथंच उतरल्या.

"दादा, माझी पोरगी मी ह्याच्यात नाय बसवायची. मांडवात उतरंल तेव्हा मुंडावळ्या कानावर आल्या असतील तिच्या."

"अगं, पण मामाचा मान..."

"मान तुझाच. तू बस की संग. पण गाडी सोमनाथ भाऊजींची."

सोमनाथ म्हणजे मुक्ताबाईंचे दीर, मोनिकाचे काका. पांढरी, उंच, नवीकोरी गाडी, आणि मालकाचं नाकही तेवढंच उंच. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोन केला. "मामासाहेब, काळजी करू नका. तुम्हाला खिडकीजवळची जागा देतो." तात्यासाहेबांनी हे मला सांगितलं तेव्हा चहा तसाच गार झाला होता. मी माणसाची थट्टा करतो, पण त्या दिवशी केली नाही. निदान त्यांच्या तोंडावर तरी.

उलगडा झाला तो कुरडयांवर. आशावहिनी गच्चीत कुरडया घालत होत्या, मी वर्तमानपत्र मागायला म्हणून गेलो होतो, आणि तात्यासाहेब नवे टायर आणावेत का, यावर एकटेच बोलत होते.

"अहो," वहिनी सोऱ्या फिरवत म्हणाल्या, "आपल्या लग्नात गुरुजींनी गाठ कशी बांधली होती, आठवतंय का?"

"आता हे मधीच काय?"

"तुमचं उपरणं नि माझा शालू. गाठ अशी आखूड की मान वळवता येईना. अंतरपाटापासून होमापर्यंत सरळ चाललो तवा काहीच नव्हतं. होमाभोवती फेरे सुरू झाले नि ओढाताण सुरू. तुम्ही बाहेरून लांब टांगा टाकताय, मी आतून. एकदा मी ओढली जायची, एकदा तुम्ही. पदर फाटला माझा. माझी आत्या म्हणाली, जावई तालेवार दिसतो, पण चालतो अडखळत."

"तुझी आत्या लई बोलायची."

"बोलायची. पण तुमची गाडी पण सरळ चालताना गप असती. वळतानाच रडती. कुठंतरी गाठ आखूड झाली असंल बघा."

तात्यासाहेबांनी टायरांचा विषय तिथंच सोडला. मग उठले, बादली घेतली, मोजणीची जुनी टेप घेतली आणि मला म्हणाले, "अण्णा, चला."

मंगल कार्यालयामागच्या फरशीच्या मोकळ्या आवारात आम्ही गाडी नेली. त्यांनी चारही टायर पाण्यानं भिजवले आणि गाडी हळूहळू गोल फिरवली. कोरड्या फरशीवर ओल्या रेघा उमटल्या. खाली उतरून बघतो तर पुढच्या चाकांची रेघ बाहेरून गेलेली, मागच्यांची आतून. माणूस मोजणीदार. टेप टाकलीच. पुढच्यांचा रस्ता लांब, मागच्यांचा आखूड.

"अण्णा," टेप गुंडाळत ते म्हणाले, "जमीनच सारखी नाय, आणि मी पावलं सारखी मोजून घेत होतो." त्यांनी चकरी सैल बाजूला फिरवली. गाडी त्याच गोलात अशी फिरली की जणू लोण्यावर.

मग त्यांनी सत्यमला फोन लावला आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण करून घेतलं. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाहीत, म्हणून मोकळीक हवी. चिखलात उलटं. तिथं मोकळीक दिली तर जी चाकं घसरतात तीच नुसती गरगरत बसतात आणि बाकीची उभी राहतात. तेव्हा सगळ्यांना एकत्र बांधायचं. चिखल असल्यामुळं वळताना चाकं थोडी घसरून ओढाताण सोडवून घेतात.

"आणि ओल्या घाटात?"

"बाबा, तिथं तरी बटण दाबा. माझ्यासाठी."

"बरं," तात्यासाहेब म्हणाले. मुलाचं त्यांनी एवढं तरी ऐकलं.

परत येताना मात्र मला सांगू लागले की हे सगळं त्यांना खळ्यावरून सुचलं. मळणीला बैल गोल फिरतात तेव्हा मधल्या खांबाजवळचा, मेढीजवळचा बैल कमी चालतो, कडेचा जास्त, म्हणून दावं सैल ठेवतात. "लग्नाच्या गाठीचा काही संबंध नाय." मी त्यांच्या घरी जाऊन आशावहिनींना हे जसंच्या तसं सांगितलं. एवढी शेजारधर्माची बाब कोण सोडतो?

मग मुक्ताबाईंची परीक्षा. तात्यासाहेबांनी त्यांना गाडीत बसवलं आणि हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप दिला. गल्लीच्या कोपऱ्यावर वळवलं, तिथून मागं फिरवलं, पुन्हा वळवलं. मांजर टाकीवर चढली नाही. मुक्ताबाई उतरल्या तेव्हा कप तसाच भरलेला. त्यांनी तो तिथंच उभ्याउभ्या पिऊन टाकला.

"ने बाबा तुझ्या भाचीला. पण भाऊजींची गाडी मागं राहील. आणि दादा, एकदा जरी ती गाडी रडली ना, तर मोनिका मधीच उतरून त्यांच्या गाडीत बसंल. समद्यांसमोर."

लग्नाच्या आदल्या दिवशी अवकाळी आला आणि रात्रभर पडत राहिला. सकाळी आम्ही निघालो. पुढं तात्यासाहेब आणि नवरी, मागं आशावहिनी आणि मी. मुक्ताबाई आधीच मांडवात गेल्या होत्या. आमच्या मागं सोमनाथ, पांढऱ्या गाडीत. सिल्लोडपर्यंत रस्ता सुकलेला, चकरी सैल. अजिंठ्याच्या घाटात ओलं होतं, तिथं दिलेल्या शब्दाप्रमाणं बटण. मोनिका सारखी विचारत होती, मामा हे काय, ते कशासाठी. तात्यासाहेब खळं आणि बैल सांगत होते, आशावहिनी मागून नुसत्या खोकत होत्या.

फर्दापूरला हमरस्ता सोडून लॉनकडं वळलो आणि पुढं बघतो तर काळ्या मातीचा नुसता लगदा. टाकलेला मुरूम वाहून गेलेला. सोमनाथ काच खाली करून म्हणाले, "मामासाहेब, तुमची गाडी बुटकी. मी पुढं होतो, माझ्या चाकोरीतून या." आणि गेले. थोडं गेले, मग तिथंच राहिले. चाकं फिरत होती, चिखल उडत होता, गाडी हळूहळू खाली बसत होती. नवरदेवाची फुलांची गाडीही पलीकडं तशीच बसलेली. शिवराज कडेनं बूट हातात घेऊन चालला होता.

तात्यासाहेबांनी चकरी शेवटपर्यंत घट्ट केली. दुसरा गिअर, हळू, कुठं थांबायचं नाही, कुठं जोर करायचा नाही. गाडी एकदा उजवीकडं सरकली, मोनिकानं बांगड्यांचा हात छातीवर ठेवला, पण चारही चाकं ओढत राहिली. सोमनाथांच्या शेजारून जाताना तात्यासाहेबांनी काच खाली केली. मला वाटलं काहीतरी जहरी बोलतील. ते म्हणाले, "भाऊजी, खिडकीजवळची जागा रिकामी नाय. नायतर घेतलं असतं."

लॉनच्या कमानीखाली फरशी होती, वर मांडव घातलेला, म्हणून कोरडी. बँड सुरू झाला, लोक उठले, मुक्ताबाई ओवाळणीचं ताट घेऊन पुढं आल्या. तात्यासाहेब एका हातानं नमस्कार करत रुबाबात गाडी कमानीतून आत वळवायला लागले. आणि गाडी रडली.

तोच आवाज. एक उडीही मारली. चिखलातली घट्ट चकरी तशीच राहिली होती आणि मामा नमस्कारात गुंतले होते. मुक्ताबाईंचं ताट हातात थबकलं. तात्यासाहेब घाईघाईनं गिअर चाचपू लागले.

मेंदी भरलेला एक हात पुढं आला आणि अंगठ्यानं चकरी सर्रकन सैल केली. मोनिका. नजर समोर, मान खाली, नवरीनं ठेवावी तशी. गाडी उरलेलं वळण अलगद घेऊन ताटासमोर उभी राहिली.

"दादा, आत्ता काय रडलं?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"बँडवाल्याची सनई," मोनिका म्हणाली. "आई, मुंडावळ्या बघ, जागच्या हलल्या नाहीत."

मुक्ताबाईंनी मुंडावळ्या बघितल्या. मग भावाकडं बघितलं, आणि आधी त्यालाच ओवाळलं. पाठवणीलाही हीच गाडी, हे तेव्हाच ठरलं. नाहीतरी नवरदेवाची फुलं चिखलात होती.

मंगलाष्टकं झाली. मामा भाचीच्या पाठीशी ताठ उभा. मग होम पेटला, गुरुजींनी उपरण्याची आणि शालूची गाठ मारायला घेतली. घाईत होते, आखूड मारत होते. तेवढ्यात मांडवभर ऐकू जाईल असा मागून मामाचा आवाज आला.

"गुरुजी, सैल बांधा. फेऱ्यात वळायचंय त्यांना, आणि खाली कोरडं आहे."

गुरुजींना काही कळलं नाही, पण गाठ त्यांनी सैल केली. मी आशावहिनींकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत होत्या.

"अण्णा," त्या हळूच म्हणाल्या, "खळ्यावरचे बैल कुठं गेले म्हणायचे?"