हरणाऱ्या राजाचा सिनेमा

नाना गेले, आणि माझं पीतांबर परत न करताच गेले.

आज वर्ष झालं. तक्रार नोंदवायला उशीर केला, हे मान्य.

ते माझ्या लग्नातलं पीतांबर त्यांच्या सिनेमातला राजा नेसला, त्याने ते तापीच्या गाळात लोळवलं, आणि पुढच्या शॉटमध्ये डाग तसेच दिसायला हवेत, नाहीतर कंटिन्युइटी बिघडेल, म्हणून ते धुवायचीही मला मनाई झाली.

ज्यांना नाना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी: माणूस चोपड्याचा. मुंबईत बरीच वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांना असिस्टंट. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गावी परतले ते एक ऐतिहासिक सिनेमा डोक्यात घेऊन. खानदेशातला एक छोटा राजा, ज्याचं नाव शिलालेखात अर्धंच उरलंय.

तो लेख वाचून द्यायला मी. धुळ्यात संस्कृतचा नवा मास्तर, वेळच वेळ.

शेवटच्या ओळीचा अर्थ मीच लावला. राजा हरला, सैन्य नदी उतरून पळालं.

जळगावचे प्रोड्यूसर शेठ म्हणाले, राजाला जिंकवा. मीही तेच सुचवलं. म्हटलं, नाना, शिलालेख कोण वाचतंय?

"तू वाचलास ना? झालं तर."

लढाईसाठी तापीकाठची दोन गावं आणली. एक राजाचं सैन्य, दुसरं शत्रू. दोन्ही गावांत कुस्तीवरून जुनी खुन्नस, हे नानांनी हिशेबात धरलंच नव्हतं.

राजाचं सैन्य पळेना.

दुसऱ्या दिवशी तर त्यांनी शत्रूलाच नदीपार पिटाळलं. शत्रू चहाला परत आला तो रुसून.

राजाकडचे म्हातारे पैलवान आबा शांतपणे म्हणाले, "नाना, मराले सांगा, मरसूत. पन त्या गावना मोऱ्हे पळसूत नही." मरण चालेल, त्या गावासमोर पळणं नाही.

कॅमेरा भाड्याचा. तिसरा दिवस शेवटचा. शेठ खुर्चीत बसून हसत होते.

नानांनी सैनिकाचा अंगरखा चढवला, ढाल टाकली, आणि पन्नाशीचा तो माणूस दोन्ही गावांदेखत एकटा पाण्यात पळत सुटला. धडपडला, उठला, पुन्हा पळाला.

आबांनीही ढाल टाकली.

"चला रे. नाना एकला पळी ऱ्हायना."

नाना एकटे पळताहेत, एवढं कारण पुरलं. मग बठ्ठं गाव मागे, एकूण एक माणूस.

शॉट मिळाला, हरणाऱ्या राजावर पैसे घालायचे नाहीत म्हणून शेठ निघून गेले. सिनेमा कसाबसा पुरा झाला, पण रिळांच्या डब्यांतून बाहेर आला नाही.

पुढे नाना धुळ्यात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. एकदा फ्रेममध्ये अंतरपाट वाकडा दिसला म्हणून मंगलाष्टकं पुन्हा म्हणायला लावली. भटजी चिडले नाहीत, कारण भटजी मीच होतो.

डबे त्यांनी माझ्याकडे ठेवले होते. यंदा त्यांच्या मुलीने ते मुंबईच्या एका फिल्म लॅबला दुरुस्तीसाठी दिले. पुढच्या महिन्यात धुळ्यात दाखवायचं म्हणते.

मी त्यातली एकही फ्रेम पाहिलेली नाही. तरी इतकी वर्षं प्रत्येक बैठकीत सांगत आलो, असा सिनेमा मराठीत झाला नाही. समोर नाना असले तर मान खाली घालून ऐकायचे.

नाना, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

काल नानांच्या मुलीचा फोन आला. रीळ शाबूत आहे.

तेव्हापासून झोप नाही. सिनेमा बेताचाच निघेल, अशी मला भीती वाटते.