मधातली गाजरं

शेजारच्या सरलाबेनना आज मी हौसेने जेवायला बोलावलं होतं. मध लावून ओव्हनमध्ये भाजलेली गाजरं, बीट, रताळी त्यांच्या ताटात वाढताना माझं सारखं चाललं होतं, "तेल नावापुरतं, एकदम पौष्टिक." भाजी कशी चकाकत होती. "वास छान सुटलाय," त्या म्हणाल्या आणि वरणभात कालवू लागल्या.

पुन्हा वाढायला गेले, तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला. पहिली वाढलेली भाजी जागची हललीच नव्हती. तेव्हा कुठे मला आठवलं, की त्या जैन आहेत. जमिनीखालचं काही खात नाहीत, आणि मध तर मुळीच नाही. इतक्या वर्षांचा शेजार, आणि मी ताटात नेमकं तेच वाढलं होतं. बोलावलं त्यांना, पण जेवू घातलं मी माझ्याच कौतुकाला. माणूस समोर बसलेलं असतं आणि आपण पदार्थाकडे बघत राहतो.

मी काहीतरी पुटपुटले. "अहो, असू दे," म्हणत त्यांनी विषय बदलला.

निघताना दारात थांबून म्हणाल्या, "परवा एकादशी ना तुमची? भगर पाठवते. कोथिंबीर नाही घालत, तुम्हाला उपासाला चालत नाही."